लाट तीच, माध्यम वेगळे

गणपती असोत वा दिवाळी, आपल्या सणाला दोन गोष्टी हव्यातच: उजेड आणि नाद. समई, निरांजन, पणत्या आणि आकाशकंदील एकीकडे. घंटा, झांजा, टाळ आणि ढोलकी दुसरीकडे. पामर्स्टन नॉर्थसारख्या गावात हा सगळा थाट आपण भाड्याच्या सभागृहात नाही तर घराच्या दिवाणखान्यात मांडतो. तो मांडताना काही प्रश्न मोठ्यांना पडतात, काही मुले विचारतात. त्यांतले तीन इथे घेऊ.

पहिला प्रश्न: गावच्या देवळात घुमणारी आरती इथल्या हॉलमध्ये कोरडी का वाटते? दुसरा: हिवाळ्यातल्या निवांत रात्री दूरच्या मालगाडीचा आवाज अगदी उशाशी आल्यासारखा का वाटतो? आणि तिसरा, सर्वांत जिव्हाळ्याचा: व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी आरतीला टाळ्या वाजवू लागली की ताल हमखास का चुकतो?

तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. लाट कोणत्या माध्यमातून चालली आहे, त्यावर तिची चाल ठरते. माध्यम बदलले की चाल बदलते, आणि चाल बदलली की लाट वळते, परतते, विरते किंवा उशिरा पोहोचते. शाळेत हे धडे आपण सुटेसुटे शिकलो. आज ते एकत्र वाचू या.

दोन लाटांची ओळख

ध्वनी म्हणजे माध्यमातल्या कणांची ढकलाढकल. झांज वाजली की तिच्या लगतची हवा दाबली जाते, ती पुढच्या हवेला ढकलते, ती त्याच्या पुढच्या. हवा स्वतः झांजेपासून कानापर्यंत चालत येत नाही, फक्त धक्का पुढे येतो. म्हणून ध्वनीला माध्यम लागतेच. निर्वात पोकळीत घंटा कितीही हलवा, ऐकू काही येणार नाही.

प्रकाशाची लाट विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची असते. तिला माध्यमाची गरज नाही. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे सुमारे १५ कोटी किलोमीटरचे अंतर ती जवळजवळ रिकाम्या अवकाशातून सव्वाआठ मिनिटांत ओलांडते.

दोघींच्या मापातही मोठा फरक आहे. आपल्याला ऐकू येणाऱ्या ध्वनीची तरंगलांबी, म्हणजे लाटेच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर, हवेत साधारण पावणेदोन सेंटिमीटरपासून १७ मीटरपर्यंत असते. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी असते. त्यामुळे स्वयंपाकघरातून मारलेली हाक दाराच्या कडेला वळसा घालून आपल्यापर्यंत येते, पण हाक मारणारी आई मात्र दिसत नाही. दाराची रुंदी आवाजाच्या लाटेच्या मापाची आहे. प्रकाशाच्या लाटेपुढे ते दार अफाट मोठे आहे.

चालीचा हिशेब

आता थोडे आकडे पाहू. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, पाण्यात सुमारे १,४८० मीटर आणि पोलादात पाच हजार मीटरहून अधिक. प्रकाशाचे गणित याच्या उलट. पोकळीत तो सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, काचेत सुमारे २ लाख आणि हिऱ्यात जेमतेम सव्वा लाख.

ध्वनी घन पदार्थात धावतो आणि प्रकाश रेंगाळतो, असे का? पुष्कळ जण सांगतात की पदार्थ जड म्हणून ध्वनी वेगाने जातो. हे बरोबर नाही. शिसे लोखंडापेक्षा जड आहे, तरी शिशातून ध्वनी लोखंडापेक्षा खूप सावकाश जातो. उलट फुग्यातला हेलियम हवेपेक्षा कितीतरी हलका, पण त्यात ध्वनीचा वेग हवेच्या जवळपास तिप्पट. खरी गोष्ट अशी की पदार्थ दाबल्यावर किती ताठपणे परत उसळतो आणि त्याच वेळी किती जड आहे, या दोन्हींचा मिळून वेग ठरतो. ताठपणा वेग वाढवतो, जडपणा कमी करतो. पोलाद जड आहे, पण त्याहून कितीतरी अधिक ताठ आहे, म्हणून ध्वनी त्यातून सुसाट जातो.

प्रकाशाला पदार्थाच्या ताठपणाशी कर्तव्य नाही. त्याची लाट अणूंमधल्या विद्युतभारांना हलवते. ते हलले की त्यांच्याही लहानग्या लाटा निघतात. मूळ लाट आणि या लाटा मिळून जी लाट तयार होते, तिची चाल मंद असते.

बालमित्रांनो, एक प्रयोग करून पाहा. स्टीलचा डाव मधोमध दोऱ्याने बांधा. दोऱ्याची दोन टोके दोन्ही हातांच्या तर्जनींना गुंडाळून बोटे कानांशी दाबून धरा आणि लोंबता डाव टेबलाच्या कडेवर हलकेच आपटू द्या. हवेतून जो आवाज नुसता 'टिंग' असा येतो, तोच ताणलेल्या दोऱ्यातून देवळातल्या घंटेसारखा गंभीर ऐकू येतो.

वळणारी लाट

पंचपात्रातल्या पाण्यात तिरपी ठेवलेली पळी वाकडी दिसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आम्हा मोठ्यांच्या पुस्तकात याला 'वक्रीभवन' म्हणत, नव्या पुस्तकांत 'अपवर्तन' म्हणतात, आणि इथल्या शाळेत मुले 'रिफ्रॅक्शन' शिकतात. नावे तीन, गोष्ट एक.

कवायतीची एक रांग हातात हात धरून पक्क्या रस्त्यावरून तिरपी चिखलात उतरते आहे, अशी कल्पना करा. जी मुले आधी चिखलात पोहोचतात त्यांची चाल मंदावते, बाकीची अजून झपझप चालत असतात. साहजिकच सगळी रांग वळते, आणि वळते ती मंद चालीच्या बाजूकडे. लाट नेमकी अशीच वळते. हे एक सूत्र लक्षात ठेवले तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

हवासुद्धा सगळीकडे सारखी नसते. तापमान एका अंशाने वाढले की हवेतल्या ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिवसा ऊन तापले की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते. म्हणजे ध्वनी खाली वेगवान आणि वर मंद, त्यामुळे तो वर वळतो आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उलटे होते. पामर्स्टन नॉर्थ सपाटीवर वसलेले गाव. अशा रात्री जमीन झपाट्याने थंड होते, सकाळी हिरवळीवर हिम पडलेले दिसते, आणि जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो. आता मंद चाल खाली असते. वर जाऊ पाहणारा आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो आणि एरवी ऐकू न येणारी मालगाडी उशाशी धडधडते. पूर्वी ही रेल्वे गावाच्या ऐन मध्यातून, स्क्वेअरमधून जात असे. १९६०च्या दशकात ती मिल्सनच्या बाजूला हलवली गेली. तरी थंड रात्री ती घराजवळ आल्यासारखी वाटते, ती अशी.

वाऱ्याचेही तसेच. जमिनीशी वारा मंद आणि वर जोरात असतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वळतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. मैदानावर वाऱ्याविरुद्ध मारलेली हाक पोहोचत नाही ती मुख्यतः यामुळे. मानावातूत वारा ही रोजचीच गोष्ट, तेव्हा हा प्रयोग कोणत्याही शनिवारी मुलांच्या क्रिकेटच्या वेळी करता येईल.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांब पाणी साचल्याचा भास होतो, ते मृगजळही याच कुटुंबातले. रस्त्यालगतची तापलेली हवा विरळ असते, तिच्यात प्रकाश किंचित वेगाने जातो आणि वर वळतो. आकाशाचा उजेड रस्त्यातून आल्यासारखा दिसतो आणि आपण त्याला पाणी समजतो. दुपारचे मृगजळ आणि दुपारी न पोहोचणारी हाक ही सख्खी भावंडे आहेत.

परतणारी आणि विरणारी लाट

विजापूरचा गोल घुमट बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीचा घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे. वरच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजले की समोरच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येते. आवाज मधल्या पोकळीतून सरळ जाण्याऐवजी गोल भिंतीला बिलगून, पुन्हा पुन्हा परावर्तित होत, कडेकडेने जातो. लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या सज्जाबद्दल हे स्पष्टीकरण दिले होते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली त्याच सज्जात प्रयोग केले आणि पुढे गोल घुमटासह भारतातल्या अशा वास्तूंचा अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे १९२१च्या त्याच सफरीहून बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडले, आणि समुद्राच्या रंगाविषयीचे त्यांचे पत्र मुंबई बंदरातून 'नेचर' नियतकालिकाकडे गेले. पाण्यात प्रकाश कसा विखुरतो हा तो प्रश्न पुढे २८ फेब्रुवारी १९२८च्या शोधापर्यंत आणि १९३०च्या नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचला. एकाच सफरीत ध्वनी आणि प्रकाश दोन्ही!

घुमट आणि दगडी गाभारा आवाज परत देतात, कारण हवा आणि दगड यांच्यात फार अंतर आहे. दगड इतका जड आणि ताठ की हवेच्या लहानशा धक्क्याने तो हलत नाही, आणि जवळजवळ सगळा आवाज परततो. घंटेचा एक टोला भिंतीभिंतींवर आपटत रेंगाळतो, त्यालाच आपण घुमणे म्हणतो. आपल्याकडची घरे आणि लहान हॉल मात्र लाकडी सांगाड्याचे, आतून जिप्सम बोर्डाचे, खाली कार्पेट अंथरलेले. कार्पेटच्या आणि पडद्याच्या तंतूंमध्ये हवा घासत शिरते आणि तिथे आवाजाची उष्णता होते. झांजांचे तीक्ष्ण स्वर त्यात विरतात. पातळ बोर्ड ढोलकीच्या खर्जाबरोबर स्वतःच थरथरतो आणि तो खर्ज खाऊन टाकतो. गाणाऱ्यांत काही कमी नसते, भिंतींतच कमी असते.

पण याची दुसरी बाजूही आहे. कार्पेट नसलेल्या, गुळगुळीत जमिनीच्या मोठ्या व्यायामशाळेत आरती छान घुमते, मात्र निवेदकाचे शब्द एकमेकांत मिसळतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांना याचा फार त्रास होतो. अशा ठिकाणी आवाज वाढवून उपयोग नाही, घुमणेही त्याबरोबर वाढते. ध्वनिक्षेपक ज्येष्ठांच्या जवळ आणावा आणि आवाज बेताचा ठेवावा.

घरच्या खिडकीकडेही एकदा पाहा. बंद काच उजेड आत घेते आणि आवाज अडवते. पडदा उजेड अडवतो आणि आवाज आत सोडतो. काचेतून दिसणारा प्रकाश फारसा शोषला न जाता पार जातो, पण हवेच्या धक्क्यापुढे ती एक जड भिंतच असते. पडद्याचे तंतू प्रकाश विखरून आणि शोषून टाकतात, पण त्याच्या छिद्रांतून हवा सहज हलते. माध्यम 'पारदर्शक' आहे का, या प्रश्नाचे उत्तर लाट कोणती यावर अवलंबून आहे.

जमिनीतून येणारा आवाज

न्यूझीलंडमध्ये राहायचे म्हणजे भूकंपाशी ओळख होतेच. भूकंपात खडकातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली ढकलाढकलीची, म्हणजे खडकातला ध्वनीच. भूकवचात ती सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते. दुसरी आडवी हेलकावणारी, सुमारे साडेतीन किलोमीटर जाणारी. आधी एक ठोसा जाणवतो आणि मग जोराचे हेलकावे येतात ते यामुळे. दोन्हींमधले सेकंद मोजून त्यांना आठाने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला याचा ढोबळ अंदाज येतो. अर्थात आधी टेबलाखाली शिरायचे, मोजायचे तिथे!

आडवी लाट द्रवातून जाऊ शकत नाही. पृथ्वीच्या पोटातून ती पलीकडे पोहोचत नाही, यावरून आत वितळलेला गाभा आहे हे शास्त्रज्ञांनी ओळखले. पण १७ जून १९२९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मर्चिसनला मोठा भूकंप झाला, तेव्हा दूर उत्तर गोलार्धातल्या वेधशाळांत पहिल्या प्रकारच्या काही लाटा अशा ठिकाणी टिपल्या गेल्या, जिथे त्या यायलाच नको होत्या. डेन्मार्कच्या इंगे लेमन यांनी त्या नोंदींचा बारकाईने अभ्यास करून १९३६ साली दाखवले की वितळलेल्या गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असला पाहिजे. हा आतला गाभा घन आहे, हे पुढे सिद्ध झाले. जिथे माणूस कधी जाऊ शकणार नाही, तिथले माध्यम लाटेच्या चालीवरून कळले, आणि ती लाट निघाली होती आपल्या या देशातून.

समुद्राखालची काच

आता आजीकडे वळू.

१९७१ साली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे आणि न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेस वर्कवर्थ येथे उपग्रह केंद्रे सुरू झाली. अशा केंद्रांमधून बोलणे व्हायचे तेव्हा आवाज सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली यायचा. पोकळीतल्या वेगानेही त्याला पाव सेकंद लागे. दोन उपग्रह मध्ये आले तर अर्धा. "हॅलो, ऐकू येतंय का?" हे वाक्य दोन्हीकडून एकदम म्हटले जायचे, ते ज्येष्ठांना आठवत असेल.

आज आपला आवाज बहुतेक वाट समुद्राखालच्या काचेतून चालतो. केसासारख्या बारीक काचतंतूत आतल्या काचेत प्रकाश मंद आणि बाहेरच्या आवरणात किंचित वेगवान असतो. लाट मंद चालीकडे वळते हे आपले सूत्र आठवा: बाहेर निसटू पाहणारा प्रकाश पुन्हा आत परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली सांगितले की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक किलोमीटर नेता येईल. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. आजच्या तंतूत १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. २००० साली सुरू झालेली सदर्न क्रॉस केबल न्यूझीलंडला ऑस्ट्रेलियाशी आणि हवाईमार्गे अमेरिकेशी जोडते, ती अशाच तंतूंची.

पामर्स्टन नॉर्थ ते पुणे हे अंतर भूगोलावर दोरा धरून मोजले तर सुमारे १२,३०० किलोमीटर भरते. काचेतला प्रकाश ते सुमारे ०.०६ सेकंदात कापील. तेवढ्या वेळात हवेतला ध्वनी किती जातो? फक्त २१ मीटर! म्हणजे लाटांच्या हिशेबाने पुण्याची आजी आपल्यापासून एका मोठ्या हॉलच्या लांबीइतकीच दूर आहे.

मग ताल का चुकतो? एक तर केबल सरळ रेषेत जात नाही, ती देशोदेशींच्या किनाऱ्यांना वळसे घेत जाते. शिवाय आवाज आणि चित्र यांचे आकड्यांत रूपांतर करायला, ते पाठवायला, गोळा करून पुन्हा जुळवायला यंत्रांना वेळ लागतो. सगळे मिळून पाव सेकंद सहज जातो. गप्पांना तेवढ्याने अडत नाही. पण एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण तीन शतांश सेकंदापेक्षा जास्त उशीर झाला की ताल सांभाळणे कठीण होते. आरतीत सेकंदाला दोन टाळ्या पडत असतील, तर पाव सेकंद उशिरा आलेली आजीची टाळी नेमकी आपल्या दोन टाळ्यांच्या मधोमध पडते. आपण तिच्यासाठी थांबतो, तीही आपल्यासाठी थांबते, आणि आरती रेंगाळत रेंगाळत बंद पडते.

ताल जुळवायचा कसा?

उशीर नाहीसा करता येत नाही, पण त्याच्याशी जमवून घेता येते. एका वेळी एकाच बाजूने आरती चालवावी. पहिली आरती आजीने तिकडे म्हणावी, आपण इकडचा मायक्रोफोन बंद ठेवून तिच्याबरोबर म्हणावी. आपल्याला ती तालात ऐकू येईल. आपला उशिरा पोहोचणारा आवाज तिला ऐकूच जाणार नाही, म्हणून तिचाही ताल मोडणार नाही. दुसऱ्या आरतीला मायक्रोफोनची अदलाबदल करावी. लांबलचक दिंडीतही हेच घडते. शंभर मीटर मागच्या टाळकऱ्याला पुढचा टाळ जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तो आपल्या जवळच्यांचा ताल धरतो आणि दिंडी पुढे चालत राहते.

यंदाच्या उत्सवात हा प्रयोग घरोघरी जरूर करून पाहावा. मायक्रोफोन केव्हा बंद करायचा आणि केव्हा चालू, हे काम मुलांकडे द्यावे, आणि ते तसे का करायचे हे आजी-आजोबांना मुलांनीच मराठीत समजावून सांगावे.